मिठाची गाडी आणि आग्नेसमावशीची थाप

आग्नेसमावशी खोटं बोलायची ती निव्वळ हौसेनं. अडचणीत सापडल्यावर खोटं बोलणाऱ्यांचा तिला तिटकारा होता. "त्यात काय मोठं? पोलिसानं मानगूट धरली की बैलसुद्धा खोटं बोलेल," असं ती म्हणायची. तिला थाप सुचायची ती सकाळी वाडीत, केळीचे लोंगर उतरवताना. आगाशीच्या बाजारात टोपली टेकवेपर्यंत ती थाप पिकून पिवळी झालेली असायची. एकदा तिनं बाजारातल्या बायकांना सांगितलं, की विरारच्या पलीकडे सर्कशीतली हत्तीण व्यालीय आणि तिला वेलची केळी चारली की घरात वर्षाच्या आत पाळणा हलतो. दोघीजणी खरोखरच केळी घेऊन एसटीत चढल्या. कंडक्टरनं कुठलं तिकीट म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "हत्तिणीचं."

दर आठवड्याला ती पापनिवेदनाला जायची. तिथं काय बोलणं व्हायचं ते तीच बाजारात सांगे. फादर पीटर विचारायचे, "आग्नेस, या आठवड्यात खोटं किती बोललीस?" ही विचारायची, "लहान की मोठं, फादर?"

तिचा नवरा निकोलस मात्र नेमका उलट्या घडणीचा. रस्त्यात मोडकी छत्री सापडली तरी तिचा मालक शोधत दोन गावं पालथी घालणारा. त्याच्या पोटात काही राहायचं नाही. सकाळी कानावर पडलेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळलेली असायची, आणि ती चुगली म्हणून नव्हे, प्रामाणिकपणापोटी. त्यामुळे आग्नेसमावशीला आपल्या थापांमधलं खरं काय नि खोटं काय हे जगात एका माणसाला कधीच सांगता आलं नाही, आणि तो माणूस तिच्याच घरात राहत होता.

आमचं खारभाट गाव नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला. एका अंगाला वाड्या, दुसऱ्या अंगाला मिठागरं. वाड्यांमध्ये केळी, पानवेली आणि भाजी पिकवणारे निम्मे ख्रिस्ती, निम्मे हिंदू, मिठागरांवर आगरी. मधून खाडीच्या कडेकडेनं एक बांध जातो. त्या बांधावर इंग्रजांच्या काळात मिठाच्या एका कंपनीनं छोटी गाडी घातली होती. रूळ अरुंद, इंजिन एवढंसं, मागे पाचसहा वाघिणी. मिठाच्या गोणी भरायच्या आणि स्टेशनाजवळच्या मालधक्क्यावर नेऊन मोठ्या गाडीत चढवायच्या. पुढे खाडीवर पूल झाला, ट्रक आले, कंपनी बुडाली. लाइन सरकारजमा झाली आणि सरकार तिला विसरलं.

सरकार विसरलं, पण गाव विसरलं नाही. रूळ हलके होते, दोन माणसांना खांद्यावर सहज पेलायचे. आधी एक गेला. मग, "एक गेलाच आहे, आता ही लाइन काय कामाची?" असं म्हणत बाकीचे गेले. कुणाच्या दाराची पट्टी झाली, कुणाच्या डुकरांच्या खुराड्याचं छप्पर, कुणाच्या विहिरीवरचा रहाटाचा आडवा दांडा. पानवेलींच्या मांडवाला खांब झाले. चर्चच्या मागच्या मैदानात व्हॉलीबॉलची जाळी बांधायलाही तेच. अर्नाळ्याच्या कोळ्यांनी बैलगाडी भरून नेले आणि बोंबील वाळवायच्या वलांडींना लावले. खालच्या लाकडी स्लीपर चुलीत जळून गेल्या. शाळेच्या व्हरांड्यात रुळाचा एक तुकडा टांगला होता, त्यावर शिपाई हातोडा हाणायचा आणि शाळा सुटायची. पंधरावीस वर्षांत बांधावर उरली ती नुसती झाडोऱ्यात हरवलेली वाट.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात खाडीवरचा पूल मधोमध खचला. ट्रक बंद झाले; आगाशीकडचा कच्चा रस्ता एसटीला कसाबसा चालायचा, भरलेल्या ट्रकला नाही. मीठ आगरातच पडून राहिलं, केळी वाडीत पिकून गळायला लागली. डोक्यावर टोपली घेऊन पोटापुरतं विकता येतं, गावाचा माल नाही जात. तेव्हा कुणाला तरी त्या मिठाच्या गाडीची आठवण झाली. अर्ज गेले, विनंत्या गेल्या, आणि दिवाळीनंतर हट्टंगडी नावाचे एक तरुण इंजिनिअर गावात आले. जाड चष्मा, घामानं पाठीला चिकटलेला शर्ट, बोलणं मोजकं.

शाळेत सभा भरली. शिपायानं सवयीनं घंटा दिली. ठण्ण करून आवाज घुमला, तसे साहेब म्हणाले, "वा! घंटेचा आवाज फार छान आहे." सगळं गाव आपापल्या पायांकडे बघायला लागलं.

साहेबांनी सरळच सांगितलं. "इंजिन आणि वाघिणी एका बंद पडलेल्या कारखान्यात धूळ खात आहेत. ते सगळं आणायचं काम माझं. लाकडी स्लीपरही कशातरी मिळवून देईन. नवे रूळ मात्र मिळायचे नाहीत, त्याला मंजुरी नाही. जुने रूळ जागेवर असतील तर गाडी सुरू होईल. नाताळच्या आधी मी मोजणीला येतो."

"आणि नसले तर?" नरहरी चुरींनी विचारलं. नरहरीशेठ म्हणजे बागायतदार सोसायटीचे अध्यक्ष. स्वच्छ धोतर, कपाळाला गंध, गावातलं सर्वांत अब्रूदार घर.

"नसले तर ते कुठे गेले हे विचारायला मी येणार नाही," साहेब म्हणाले. "दुसरं कुणीतरी येईल. खाकी कपड्यातलं."

साहेब गेल्यावर सभेत एकही माणूस जागचा हलेना. मग नरहरीशेठ उभे राहून म्हणाले, "ज्यांनी कुणी रूळ नेले असतील त्यांनी ते निमूट परत आणून ठेवावेत. माझ्या घरात लोखंडाचा तुकडासुद्धा नाही, म्हणून मी हे बोलू शकतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यानं त्यानं शेजाऱ्याकडे पाहिलं. आणि आठवडा गेला तरी बांधावर एकही रूळ आला नाही. येणार कसा? जो पहिला रूळ घेऊन निघेल तो पहिला चोर ठरणार होता.

आग्नेसमावशीच्या वाडीत राजेळीचे लोंगर पिकून झाडावरच फाटत होते. त्यांच्याकडे पाहत ती बराच वेळ उभी राहिली. मग टोपली उचलून तरातरा आगाशीला गेली.

बाजारात तिच्या शेजारी सत्यवती बसायची. सत्यवती अर्नाळ्याची कोळीण, मासळी विकणारी. तिच्या कानात घातलेली गोष्ट भरतीच्या पाण्यासारखी चारी दिशांना पसरते हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी मावशी गप्प गप्प बसून राहिली. गिऱ्हाइकाशी हुज्जत नाही, काही नाही. शेवटी सत्यवतीलाच राहवेना.

"काय गो आग्नेस, आज तोंडाला कुलूप?"

"नको बाय. सांगू नको म्हणून बजावलंय."

"कोनी?"

"कुणी का असेना. तू अर्नाळ्याची, तुझा काय संबंध?" मग मावशी थोडी थांबली. "तसा संबंध तुमचाही येईल म्हणा. वलांडीला काय लावलंयत ते मला काय माहीत?"

सत्यवतीनं हातातलं पापलेट खाली ठेवलं. "सांग ना गो. मी कोनाला सांगनार हाय?"

मावशीनं इकडेतिकडे पाहिलं. "त्या चष्मेवाल्या साहेबाकडं जर्मनीचं यंत्र आलंय. तीन पायांचं. नुसतं रस्त्यात उभं करायचं. ज्या घरात लाइनीचं लोखंड असेल त्या घराकडं तोंड करून ते भुंकतं."

"भुंकतं?"

"कुत्र्यासारखं. भिंतीआडचं, जमिनीत पुरलेलं, काहीही असो."

"मंग घरातला कोयता, विळा? तेबी लोखंडच ना?"

या प्रश्नाची मावशीनं तयारी केली नव्हती. पण अडली तर ती आग्नेस कसली? "लाइनीच्या लोखंडाला वास येतो," ती म्हणाली. "आपल्याला नाय येत, यंत्राला येतो."

संध्याकाळच्या एसटीनं मावशी खारभाटला पोचली, तर गोष्ट तिच्या आधीच येऊन बसली होती. फाट्यावर उतरताच तीन जणांनी तिलाच थांबवून ती सांगितली, आणि प्रत्येकानं यंत्राला एकेक गुण वाढवला होता. एकजण म्हणाला, ते भुंकताना चोराचं नावही घेतं. मावशीनं गालावर हात ठेवला. "काय म्हणता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर पहिला रूळ सापडला. कुणी ठेवला ते कुणी पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. शत्रुघ्न पाटील म्हणजे मिठागरावरच्या कामगारांचा मुकादम. त्यानं आपली माणसं जमवून सांगितलं, "कोनी आनला, कुठून आनला, इचारायचं नाय. यील तो रूळ घ्यायचा, गवत काढायचं आनि जाग्यावर मांडायचा."

पण गावातून बांधापर्यंत रूळ न्यायचा म्हणजे चारचौघांच्या दारावरून जाणार. ही अडचण सोडवली सॅन्टननं. सॅन्टन लोपीस आमच्या गावचा बँडवाला, कर्णा वाजवणारा. त्याच्या दाराच्या चौकटीवर दोन रूळ होते. त्यानं ते काढले, रंगीत कागद गुंडाळले, वर केळीची पानं बांधली, झेंडूच्या माळा सोडल्या आणि भर दुपारी चार माणसांच्या खांद्यावर देऊन पुढे स्वतः बँड वाजवत निघाला. बघणाऱ्याला वाटावं, लग्नाच्या मांडवाचे खांब चालले आहेत. लोक दारात आले, दोघींनी मिरवणुकीवर अक्षतासुद्धा टाकल्या.

फाट्यावर फादर पीटर सायकलवरून येताना दिसले. ते उतरलेच. "सॅन्टन, हा आगमनकाळ आहे. नाताळपर्यंत आपल्यात लग्नं लागत नाहीत. हे कुणाचं लग्न?"

"अजून ठरलं नाय फादर," सॅन्टन म्हणाला. "सराव चाललाय."

फादरांनी त्या खांबांकडे पाहिलं. एका टोकाला कागद फाटून आतलं काळं लोखंड डोकावत होतं. ते पुन्हा सायकलवर चढले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सॅन्टनच्या घरी त्यांचा निरोप आला: व्हॉलीबॉलचे खांब न्यायचे आहेत, चाल जरा गंभीर असावी.

त्यानंतर सॅन्टनला उसंत मिळाली नाही. गावात लग्न एकही नव्हतं, वराती मात्र रोज निघत होत्या. तुळशीदास म्हात्र्यानं आपल्या पानवेलीचे खांब मुहूर्तमेढ म्हणून नेले, हळदकुंकू लावून. पुढे बँड ख्रिश्चनांचा, मागे भटजी. कुणी पालखी काढली, कुणी नवसाची काठी. ज्यांना बँड परवडत नव्हता त्यांनी केळीच्या पानांत गुंडाळून आजारी माणूस दवाखान्यात नेतोय असं भासवलं. आजारी माणूस चांगला दहाबारा हात लांब होता, पण कुणी शंका काढली नाही. शाळेच्या शिपायानं घंटा काढली, आणि शाळा कधी सुटते ते कळेना म्हणून पोरं आपापल्या मनानं घरी जाऊ लागली.

अर्नाळ्याहून वलांडीचे खांब आले, बोंबलाच्या वासासकट. लाइनीशी ज्याचा काही संबंध नाही असंही लोखंड यायला लागलं. होडीचा एक गंजका नांगर आला, एक तवा आला. एकानं तर बैलगाडीत घालून छोटीशी तोफ आणली.

"अरे, ही कशाला?" शत्रुघ्ननं कपाळाला हात लावला.

"लोखंडच हाय ना? उगाच भुंकलं म्हंजे?"

हे सगळं मावशी डोळ्यांनी पाहत होती आणि मनात फुलत होती. इतकी मोठी थाप तिनं आयुष्यात मारली नव्हती. जगात ही गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असलेली ती एकटीच होती, आणि हे कुणाला तरी सांगावं म्हणून तिचा जीव तळमळत होता. अशातच एक दिवस ती बाजारातून मोकळी टोपली घेऊन परतली आणि अंगणातच थबकली.

तिच्या घराला ओसरी नव्हती. सकाळी होती. आता तिच्या जागी कौलांचा ढीग होता, वासे आडवेतिडवे पडले होते, आणि ढिगाशेजारी निकोलस उभा होता. केसांत धूळ, कोपर सोललेलं, चेहऱ्यावर मात्र पुण्य पदरात पडल्याचं समाधान.

"अवो, हे काय केलंत?"

"आग्नेस, आपल्या ओसरीच्या छपराखालचा मधला आडवा दांडा रूळच होता गो," निकोलस म्हणाला. "बापसानं बसवलेला. मला इतकी वर्षं लाकडाचाच वाटायचा, वरून रंग दिलेला. आज खरवडून बघतो तर लोखंड! शत्रुघ्नकडं देऊन आलो. यंत्र आपल्या दारात भुंकलं असतं तर तुला तोंड दाखवायला जागा उरली असती का?"

 खरं सांगावं तर निकोलस ते उद्या दुपारपर्यंत गावभर करणार, आणि अर्धे रूळ अजून यायचे होते. थाप मारावी, तर अशा वेळी कामी येईल अशी एकही थाप तिच्याकडे नव्हती. ती मोकळी टोपली उपडी करून तिच्यावर बसली. निकोलसनं तिला पाणी आणून दिलं. "वाईट वाटून घेऊ नको," तो म्हणाला. "खरेपणाची किंमत द्यावीच लागते."

"हो ना," मावशी म्हणाली आणि पाणी प्यायली. त्या दिवशी ती आणखी काही बोलली नाही. आळीतल्या बायका तिला ताप आला का बघायला येऊन गेल्या.

नाताळ तोंडावर आला तेव्हा हट्टंगडीसाहेब मोजणीला आले. सोबत एक मदतनीस, आणि त्याच्या खांद्यावर तीन पायांचं यंत्र. साधी मोजणीची दुर्बीण होती ती. पण गावानं ती पाहिली आणि रस्ते ओस पडले. दारं लागली. खिडक्यांच्या फटींतून डोळे तेवढे दिसत होते.

बांध जिथून सुरू होतो तिथं पहिलं घर नरहरी चुरींचं. त्यांच्या फाटकासमोरच मदतनीसानं तिपाई रोवली. साहेबांनी एक डोळा मिटून दुसरा दुर्बिणीला लावला, आणि नेमका नरहरीशेठांचा कुत्रा बिथरला. एक डोळा मिटलेला माणूस त्यानं बहुधा कधी पाहिला नसावा. फाटकावर पंजे ठेवून तो भुंकायला लागला, थांबेचना.

नरहरीशेठ आत देवघरात होते. त्यांना यंत्र दिसत नव्हतं, कुत्राही दिसत नव्हता. ऐकू येत होतं ते फक्त भुंकणं, आपल्याच दाराशी. हातातली पळी सुटली, आणि अनवाणीच ते बाहेर धावत आले. "विहिरीत आहेत!" ते दोन्ही हात जोडून म्हणाले. "साहेब, दोन्ही विहिरीत आहेत!"

साहेबांनी दुर्बिणीवरून मान वर केली. "काय आहे विहिरीत?"

शेठ सोडले तर रस्त्यात तेव्हा गावातली तिघंच होती: शत्रुघ्न, सॅन्टन आणि आग्नेसमावशी. शत्रुघ्न आभाळाकडे बघायला लागला. सॅन्टन कर्णा पुसायला लागला. मावशी मात्र पुढे झाली.

"पाणी, साहेब," ती म्हणाली. "विहिरीत पाणी आहे म्हणतायत शेठ. तुम्ही उन्हात उभे, तहान लागली असेल. मोठं अगत्याचं घर आहे."

"पण ते दोन्ही म्हणाले."

"गोडं पण आहे आणि गारही आहे. दोन्ही."

नरहरीशेठांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग आतून तांब्या आला, साहेब पाणी प्यायले आणि बांधावरून मोजणी सुरू झाली.

रूळ जागेवर होते. शत्रुघ्नच्या माणसांनी कमरेएवढं गवत कापून ते ओळीनं मांडले होते. साहेब सावकाश चालत होते, मधूनच वाकून बघत होते. एका रुळाला हळदकुंकू होतं. एकाला निळा तेलरंग, आणि बिजागरीची भोकं. एका रुळाशी येताच साहेबांनी नाक रुमालानं झाकलं.

"हे रूळ इथेच होते, इतकी वर्षं?"

"इथंच साहेब," सॅन्टन म्हणाला.

"हा निळा कसा?"

"खारी हवा," मावशी म्हणाली. "इथं सगळं निळं पडतं."

मालधक्क्याच्या अलीकडे लाइन तुटलेली होती. दोन रुळांची जागा रिकामी. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग त्या रिकाम्या जागेकडे, मग मावशीकडे. "इथे दोन कमी आहेत."

"आधी जेवून घ्या साहेब," मावशी म्हणाली. "निकोलसनं कोंबडी कापलीय. उपाशी माणसाला सगळंच कमी दिसतं."

साहेब जेवायला गेले. तेवढ्यात नरहरीशेठांच्या विहिरीत गळ पडले. पोहरा पडलाय म्हणून शेजारी मदतीला धावले, आणि काय निघतंय ते पाहून कुणीच हसलं नाही, कारण त्या गावात हसायचा हक्क कुणालाच नव्हता. जेवून साहेब परत आले तर रिकामी जागा भरलेली. दोन्ही रुळांवरून पाणी टपकत होतं.

"ओले कसे?"

"दव पडलं," शत्रुघ्न म्हणाला. दुपारचे दोन वाजले होते.

साहेबांनी मदतनीसाला लाइन पूर्ण आहे असं लिहून घ्यायला सांगितलं. मग सगळ्यांना पुढे पाठवून ते एकटे मावशीच्या अंगणात आले, कौलांच्या ढिगाशेजारी उभे राहिले.

"मावशी, तुमची ओसरी कशानं पडली?"

"उंदरांनी."

"हं. सकाळी येताना आगाशीला चहा घेतला. तिथे कळलं की माझ्याकडे भुंकणारं यंत्र आहे. मी मदतनीसाला विचारलं, तर त्यालाही माहीत नाही. तुम्हाला काही कल्पना? कुठे ठेवलंय मी ते?"

मावशीनं त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं. त्याच्या आड डोळे हसत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला कुणीतरी असा माणूस भेटला होता, ज्याला ही गोष्ट खोटी आहे हे माहीत होतं. तिला इतकं हायसं वाटलं की ती पदरात तोंड लपवून हसायलाच लागली. साहेबही हसले.

"एक विचारू?" ते म्हणाले. "स्लीपर मला थोड्या कमी पडतायत. लाकडाचा वास घेणारं नाही का एखादं?"

"लाकूड जळलं, साहेब," मावशी म्हणाली. "राखेवर जर्मनीचं यंत्रसुद्धा चालत नाय."

निकोलस मागच्या दारी भांडी घासत होता. त्यानं हे सगळं ऐकलं. दोन दिवस तो मावशीशी एक शब्दही बोलला नाही. आणि नवल म्हणजे, बाहेरही कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यानं विचारलं, "पण बापसाच्या ओसरीत चोरीचा रूळ होता, हे तरी खरं ना?"

"ते खरं," मावशी म्हणाली.

"मग बरंच झालं गेला तो," निकोलस म्हणाला आणि त्यानं भात वाढून घेतला. ओसरी त्या दोघांनी पुढच्या वर्षी पुन्हा बांधली, या वेळी सागाच्या दांड्यावर. साग तेवढा निकोलसनं स्वतः पावती घेऊन आणला.

मिठाचा हंगाम सुरू झाला तसं इंजिन आलं. मालधक्क्यापर्यंत ट्रकवरून आलं, कारण ते स्वतःच्या पायांनी येण्यासारखं नव्हतं. रंगवल्यावर बरं दिसलं. पहिल्या दिवशी वाघिणींत मिठाच्या गोणी भरल्या, शेवटच्या दोन वाघिणींत केळीचे लोंगर आणि पानांचे करंडे. नरहरीशेठांनी नारळ फोडला, फादर पीटरनी पवित्र पाणी शिंपडलं, सॅन्टननं बँड वाजवला. निकोलस गोणींवर चढून बसला. "मी मालाबरोबर जातो, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं," तो म्हणाला.

गाडी सुटली. म्हणजे सुटली असं लोक म्हणाले. हलली की नाही ते नीट बघावं लागत होतं. इंजिन खोकत होतं, थांबत होतं, पुन्हा निघत होतं. निळ्या रुळाजवळ एक वाघीण खाली उतरली. शत्रुघ्नच्या माणसांनी ती उचलून जागेवर ठेवली, जशी बकरी उचलून ठेवतात तशी. मावशीला त्या दिवशी स्टेशनाबाहेर केळी विकायची होती. थोडा वेळ ती गाडीशेजारून चालली, निकोलसशी बोलत. मग म्हणाली, "अवो, मला उशीर होतोय," आणि डोक्यावरची टोपली सावरून पुढे निघून गेली. गाडी मालधक्क्याला लागली तेव्हा तिची अर्धी टोपली खपली होती.

पण माल गेला. मीठ गेलं, केळी गेली, पानं गेली. रोज गेली. पूल पुन्हा बांधून ट्रक सुरू होईपर्यंत कितीतरी हंगाम ती गाडी खोकत खोकत चालली, आणि खारभाटची वाडी त्या वर्षांत कुजली नाही.

मावशीचं मात्र एक नुकसान झालं. यंत्राचं खरंखोटं हळूहळू सगळ्यांना कळलं, आणि गाव तिच्यावर रागवायच्या ऐवजी तिचं सगळंच ऐकायला लागलं. ती सहज म्हणाली, उद्या वारा सुटेल, की लोक केळींना टेकू द्यायचे. असल्या लोकांना थापा मारण्यात काही राम उरला नव्हता. मग ती आगाशीऐवजी नालासोपाऱ्याला स्टेशनाबाहेर बसायला लागली. तिकडे आचोळ्याला नव्या इमारती उठत होत्या, मुंबईतून नवी माणसं येत होती. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

एकदा अशीच एक नवी बिऱ्हाडकरीण केळी घ्यायला थांबली. पलीकडून मिठाची गाडी येत होती. "ही एवढीशी ट्रेन कशी काय चालू आहे अजून?" तिनं विचारलं. मावशीनं तिला सगळं सांगितलं. घंटा, वराती, तोफ, विहीर, ओसरी, एक अक्षर न वाढवता. बाई हसून हसून डोळे पुसायला लागली.

"काहीही काय, मावशी! तुम्ही फेकता भारी."

"मरियेची शपथ. प्रत्येक शब्द खरा आहे."

"बरं बरं. डझनभर द्या. ही तुमच्याच वाडीतली आहेत ना? बाहेरची नकोत मला."

त्या वर्षी मावशीच्या वाडीतली विहीर खारी झाली होती आणि बाग अर्धी बसली होती. समोरची केळी पहाटे घाऊक बाजारातून उचललेली होती, जळगावची.

"आमच्याच वाडीतली," मावशी म्हणाली. "निकोलसनं सकाळी उतरवली."

ते बाईला लगेच पटलं.